सहादू पेंटरचं पळतं अक्षर

गाडीवर नाव लिहायला घेण्याआधी सहादू गांगुर्डे ती गाडी आपल्यासमोरून एकदा पळवायला लावत. ड्रायव्हर कुरकुरत. रंगाचा डबा उघडलेला, ब्रश रॉकेलात भिजत पडलेले, आणि पेंटर म्हणतोय, नाक्यापर्यंत जाऊन परत ये. सहादूभाऊ रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून वाट बघत. गाडी समोरून गेली की डोळे बारीक करून मनाशी काहीतरी ठरवत आणि मगच खडू उचलत.

"उभ्या गाडीचं नाव कोणीबी वाचंल," ते म्हणत. "पळतीचं वाचता आलं पाहिजे."

मी १९८१ साली सातपूरला, टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. आयटीआयचा दाखला ताजा होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट मोजता येते अशी माझी खात्री होती. सहादूभाऊ तिथे नोकरीला नव्हते. बॉडी तयार होऊन रंगाचा शेवटचा हात वाळला की पेठ रोडच्या वस्तीत त्यांच्या घरी निरोप जायचा. ते सायकलवर येत. हँडलला डब्यांची पिशवी, कॅरियरला उभं राहायची फळी. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं. ओल्या रंगाची चुकलेली कड ते त्या नखानं काढत. मालकासकट सगळे त्यांना नुसतं पेंटर म्हणायचे.

त्यांचं अक्षर मूळचं दुष्काळातलं. सहादूभाऊ मनमाडचे. सातवीनंतर नाशिकला आले आणि रविवार कारंजावर धोंडीराम पेंटर म्हणून एक जुने कारागीर होते, त्यांच्या हाताखाली राहिले. धोंडीराम दुकानांच्या पाट्या लिहीत. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, टोकांना वेलबुट्टी, खाली सावली. सहादूभाऊही तेच वळण शिकले. बहात्तर साली पाऊस गेला, नवी दुकानं उघडायची थांबली आणि पाट्याही थांबल्या. काम उरलं ते पाण्याच्या टँकरचं. नांदगावकडे जाणाऱ्या टँकरवर 'पिण्याचे पाणी' एवढंच लिहायचं. पहिले दोन टँकर त्यांनी गुरूच्या वळणानं, वेलबुट्टीसकट लिहिले. चार दिवसांनी ड्रायव्हर तक्रार घेऊन आला. फुफाट्यातून येणारा टँकर पाण्याचा आहे की डिझेलचा, हे बायांना कळत नव्हतं. डिझेलच्या टँकरमागं हंडे घेऊन पळायच्या आणि पाण्याचा आला तेव्हा बसून राहायच्या.

"त्या दिवशी मी सगळी वेलबुट्टी खरवडून काढली," सहादूभाऊंनी मला सांगितलं होतं. "धोंडीरामबाबा महिनाभर माझ्याशी बोलला नाय."

मग त्यांनी रेघ जाड केली, सगळीकडून सारखीच जाड. त्यांच्याकडचा ब्रश जुना होता, त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, त्यामुळे रेघेचं टोकही गोल यायचं. आधी ते टोक बारीक ब्रशनं चौकोनी करून घेत. पुढे त्यांच्या लक्षात आलं की उन्हात रंगाचा पोपडा सुटतो तो कोपऱ्यापासून. गोल टोकाला कोपराच नाही, तर सुटणार कुठून? तेव्हापासून त्यांनी टोकं गोलच ठेवली. तिरकेपणा मात्र मुद्दाम आणलेला. गाडी ज्या दिशेला पळते त्या दिशेला अक्षराचं डोकं झुकवलं की डोळा गाडीबरोबर धावतो आणि शब्द जास्त वेळ हाती लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. टँकर गेले, पण अक्षर राहिलं. कांद्याच्या ट्रकवर, द्राक्षांच्या टेम्पोवर, शाळेच्या गाड्यांवर सगळीकडे ते दिसायला लागलं. ड्रायव्हर त्याला 'पळतं अक्षर' म्हणत.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात आमच्या कारखान्याकडे मोठं काम आलं. 'गोठाई' नावाच्या दूध संघाला बत्तीस टेम्पो हवे होते, दसऱ्याला सगळे एकदम रस्त्यावर आणायचे होते. संघाच्या अध्यक्षांनी मुंबईच्या कुणाकडून तरी इंग्रजी नावाचं चित्र करून आणलेलं. घासून उमटवायच्या अक्षरांचे कागद तेव्हा मिळत, त्यातली अक्षरं होती. जाड, गोल टोकांची, तिरकी, कुठेही फाटा नाही की शेपटी नाही. अध्यक्ष म्हणाले, मराठी नाव याच्या जोडीला शोभेल असं पाहिजे.

आमचे मालक कारभारीशेठ निकम यांनी तो कागद सहादूभाऊंपुढे ठेवला. त्यांनी तो हातात धरून बराच वेळ बघितला.

"काय पेंटर, जमंल का?"

"जमायचं काय त्यात? हा माझाच भाऊ हाय. सायबाच्या घरी वाढलाय, एवढंच."

शेठ हसले, पण त्यांचा हिशेब दिवसांचा होता. एका टेम्पोच्या दोन बाजू, मागचं दार आणि कपाळपट्टी हातानं लिहायला सहादूभाऊंना दोन दिवस लागत. बत्तीस टेम्पो दसऱ्याआधी होणं शक्य नव्हतं. म्हणून शेठनी ठरवलं की अक्षरं पत्र्यात कापायची. तो साचा बॉडीवर धरला की नाथा आणि बारकू हे आमचे रंगारी फवाऱ्यानं रंग मारतील. अक्षरं सहादूभाऊंनी कागदावर द्यायची, ड्रॉइंग मी करायचं.

शेठ गेल्यावर सहादूभाऊंनी बिडी पेटवली.

"ड्राफ्समन, हा पत्रा कापून झाला की पेंटर कशाला लागतो रे?"

मी काहीतरी बोललो, की बारीक काम तर राहणारच, दारावरचा नंबर वगैरे.

"नंबर," ते म्हणाले. नाही म्हणायची त्यांना मुभा होती. पण बत्तीस गाड्यांवर आपलं अक्षर एकदम पळणार, याची ओढही त्यांच्या तोंडावर दिसत होती. आठवड्यानं ते खाकी कागदाच्या दोन गुंडाळ्या घेऊन आले. एकीवर उजव्या बाजूचं 'गोठाई दूध', दुसरीवर डाव्या बाजूचं.

"जसं हाय तसं उतरव," एवढंच सांगून गेले.

मी जसंच्या तसं उतरवलं नाही. इथून पुढची चूक माझी आहे.

मी कोनमापक घेऊन बसलो. आमच्या पुस्तकात तिरप्या अक्षरांचा कोन पंचाहत्तर अंश दिलेला होता. सहादूभाऊंच्या कागदावर 'ग'चा काना चौऱ्याहत्तर अंशांत होता, 'ध'चा शहात्तर. 'ठ' तर जवळजवळ सरळच होता, फक्त त्याची मान झुकलेली, पोट गोलच. 'द'ची शेपटी भलतीकडे ओढलेली, खालचा ऊकार जागेवरून उजवीकडे सरकवलेला. मला वाटलं, हात आहे, चुकणारच. मी सगळं नीट केलं. प्रत्येक रेघ पंचाहत्तर अंशांत, जाडी सगळीकडे एक, टोकाला जाडीच्या निम्म्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ. ड्रॉइंग देखणं झालं. दुसरी गुंडाळी उघडली तर त्यावर अक्षरं उलटी, डावीकडे झुकलेली. डावीकडे झुकणारं अक्षर माझ्या पुस्तकात कुठेही नव्हतं. मी ती गुंडाळी कपाटावर ठेवली आणि दोन्ही बाजूंना एकच साचा चालेल असं शेठना सांगितलं. निम्मा पत्रा वाचला म्हणून ते खूश झाले.

सहादूभाऊंना विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही.

नाथा आणि बारकूनं सोळा दिवसांत बत्तीस टेम्पो रंगवले. दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून सगळे रांगेनं शहरातून गेले. मी शालिमारला उभा राहून बघत होतो. आपल्याकडे गाडी डाव्या हातानं चालते, म्हणजे कडेला उभ्या माणसाला तिची डावी बाजूच दिसते. त्या बाजूला गाडीचं तोंड डावीकडे असतं. टेम्पो डावीकडे चालले होते आणि माझी अक्षरं अंग मागं टाकून उजवीकडे रेलली होती. दोरीनं ओढून नेलेल्या वासरासारखी. आणि 'ठ'चं गोल पोट पंचाहत्तर अंशांत कलल्यामुळे लवंडलेल्या कॅनसारखं दिसत होतं. एक टेम्पो गेला तेव्हा मला शंका आली. दहावा गेला तेव्हा मी मान खाली घातली.

संघाच्या ड्रायव्हरांना आठवडाही लागला नाही. त्यांच्यातला पुंजा म्हणून एक चांदोरीचा होता. तो कारखान्यात येऊन शेठच्या समोरच म्हणाला, "शेठ, गाडी लय झ्याक हाय. फक्त डाव्या अंगानं बघू नका. बूथवरचे लोक म्हणत्यात, दूध आणलंय का परत नेतोय?"

"आणि तो 'ठ' कुणी काढला?" दुसऱ्यानं विचारलं. "त्यातून दूध सांडतंय."

अध्यक्षांनी पंधरा दिवसांत दुरुस्तीचं पत्र पाठवलं. शेठनी मला बोलावून पत्र वाचून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "तू पेंटरला दाखवलं होतंस का ड्रॉइंग?"

"नाही."

"मग आता जा, दाखवून ये."

रविवारी सकाळी मी पेठ रोडला गेलो. सहादूभाऊ दाराशी ब्रश धूत बसले होते. त्यांच्या पत्नी विमलाबाई आत स्टोव्हला पंप मारत होत्या. मी जयभीम केला, ड्रॉइंग पसरलं आणि काय केलं ते सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या 'ठ'वर करंगळीचं नख ठेवलं.

"हे गोल हाय का?"

"होतं. तिरकं केलं."

"गोल तिरकं होत नाय रं. हंडा तिरका केला तर तो सांडतो. मान झुकव, पोट राहू दे." नख पुढे सरकलं. "आणि ह्या 'द'चं? वरून ढकलला उजवीकडं, तर शेपटी गेली पोटाखाली. कुत्रं भ्यालं म्हणजे घेतं तशी. म्हणून मी ती ओढून बाहेर काढली होती. ऊकाराचं तेच. तुला वाटलं, सहादूचा हात थरथरला."

"वाटलं."

"खरं बोलतोय तरी," विमलाबाई आतून म्हणाल्या. "चहा घेतोस ना, भाऊ? साखर कमी की तिरकी?"

सहादूभाऊ हसले. मलाही हसू आलं. मी शेठचा निरोप सांगितला. दोन वाटा होत्या. एक म्हणजे बत्तीस टेम्पोंवरचं नाव सहादूभाऊंनी हातानं पुन्हा लिहायचं, सवडीनं, एकेक गाडी उभी करून. दोन-तीन महिन्यांचं काम. पुढेही संघ गाड्या वाढवत जाणार होता. दुसरी म्हणजे त्यांनी माझ्याबरोबर बसून दोन्ही बाजूंचे साचे नीट काढून द्यायचे, आणि शेठना इतर गाड्यांसाठी लागतील म्हणून सगळी बाराखडीही.

विमलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"हातानं लिहून द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पत्रा देऊ नका. एकदा दिला, तर काय झालं बघितलं. त्यांचं अडलंय तर अडू द्या. तुमच्या हाताबिगर चालत नाय हे कळलंय ना आता त्यांना?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. माझ्या चुकीनं सहादूभाऊंचा हात पुन्हा मोलाचा झाला होता. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

त्यांनी बशीत चहा ओतला, प्याले. मग म्हणाले, "उद्या येतो. मोठा कागद आणून ठेव."

नऊ दिवस ते माझ्या ड्रॉइंगच्या टेबलापाशी बसले. स्टुलावर बसायची सवय नव्हती, म्हणून कागद जमिनीवर अंथरला आणि दोघंही जमिनीवर बसलो. क पासून ज्ञ पर्यंत, दोन्ही दिशांना झुकलेलं. 'ण' जाड केला की आत जागा उरत नाही, म्हणून त्याच्या दोन रेघा किंचित बारीक. पण किती, तर दुरून बघणाऱ्याला कळणार नाही इतक्याच. पहिली वेलांटी उजवीकडे झुकली की शेजारच्या अक्षरावर पडते, तेव्हा तिची कमान आखडायची. डावीकडे झुकताना मात्रा चपटी होते, तेव्हा ती उचलायची. एखादं अक्षर पटलं नाही तर कागद भिंतीला लावून ते गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला जात आणि तिथून झपझप चालत येत. मी विचारलेल्या प्रत्येक आकड्याला त्यांचं उत्तर असायचं, "मोज आता." मी मोजायचो, लिहून ठेवायचो. आकडे कोणत्याच नियमात बसत नव्हते आणि तरी अक्षरं एका घरातली दिसत होती. पंचाहत्तर अंशांपेक्षा मोठं काहीतरी मी त्या नऊ दिवसांत शिकलो, पण ते सूत्रात मांडा म्हटलं तर आजही येणार नाही.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. विमलाबाई म्हणाल्या ते बरोबर होतं, मग तुम्ही का आलात, असं मी विचारलं.

ते 'भ' काढत होते. तो पुरा केला.

"माझा बाप रेल्वेत खलाशी होता. मनमाडला. वॅगनीवर पत्रा ठेवून रंग मारायचा. तीस वर्षं. हजारो वॅगनी असतील." ब्रशचं जास्तीचं पाणी त्यांनी पायजम्याला पुसलं. "त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. एकबी नाय. संध्याकाळी मला यार्डात नेऊन विचारायचा, आज मी काय लिहिलं? मी वाचून सांगायचो. तर त्याचं लिहिणं कधी चुकलं नाय. का, तर तो पत्रा ज्यानं कापला त्यानं नीट कापला होता. कोण होता, कुठं होता, ठाऊक नाय. त्यानं वाकडा कापला असता तर माझा बाप तीस वर्षं वाकडं लिहीत बसला असता, आणि त्याला कळलंबी नसतं."

पुढचा कागद ओढला आणि म्हणाले, "बारकूला वाचता येतं का रे?"

"सहीपुरतं."

"मग."

साचे झाले. टेम्पो एकेक करून परत आले, जुनं नाव घासून काढलं आणि दोन्ही बाजूंना अक्षरं गाडीच्या तोंडाकडे झुकली. पुंजानं आपली गाडी मुद्दाम दोनदा समोरून नेली आणि काचेतून हात दाखवला. बारकूनं फवारा खाली ठेवून मला विचारलं, हे कोणतं अक्षर, हे कोणतं. मी सांगितलं.

विमलाबाईंना भीती होती तेच पुढे झालं. कारभारीशेठ वाईट माणूस नव्हते. पण साचे भिंतीला टांगलेले असताना पेठ रोडला निरोप पाठवायचं कारण उरलं नाही. पहिल्या वर्षी चार-पाच वेळा बोलावणं गेलं, दुसऱ्या वर्षी एकदा. आमचे साचे बघून आणखी दोन कारखान्यांनी तसेच कापून घेतले. आता ते अक्षर मालेगावपासून इगतपुरीपर्यंत दिसतं. कुणी चांगलं मारतं, कुणी वाईट. मी एकदा शेठना सुचवलं की पेंटरना कायम ठेवून घेऊ. ते म्हणाले, "ठेवून करायचं काय त्यांचं?"

गेल्या मार्चमध्ये, म्हणजे १९८६ च्या, मी पंचवटीत भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीतून जात होतो. एका आडत्याच्या नव्या टेम्पोला टेकवून फळी लावली होती आणि फळीवर सहादूभाऊ उभे होते. केस पांढरे झालेले. मी हाक मारली नाही. आडत्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. ते त्याचं नाव लिहीत होते, आणि ते पळतं अक्षर नव्हतं. सरळ उभं, बारीक कमरेचं, वर रुंद होत जाणारं काहीतरी होतं. मी आधी कधीच बघितलं नव्हतं, त्यांच्या हातचंही नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही.

त्यांचं लक्ष गेलं.

"अरे, ड्राफ्समन."

"हे नवीन काय?"

"दोन वर्षं झाली, बघतोय. ते जुनं आता तुमचं झालं. मला दुसरं पाहिजे ना." ते फळीवरून उतरले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि गाडीकडे बघत राहिले. "कसं वाटतंय? खरं सांग."

मी बघितलं. 'च' सुरेख होता. 'व्हा'मधला काना आणि बाजूचं अक्षर यांच्यात भलतीच फट पडली होती आणि शेवटचा 'ण' एवढा जड होता की सगळं नाव त्याच बाजूला खाली बसलं होतं. आडत्या आमच्याकडे बघत होता. बरं आहे म्हणून निघता आलं असतं.

"'ण' जड झालाय," मी म्हणालो. "आणि मधे शब्द तुटतोय."

"मलाबी तेच वाटतंय," ते म्हणाले.

"पेंटर, मला तर चांगलं दिसतंय," आडत्या म्हणाला. "राहू द्या. गाडी माल भरायला लावायचीय मला."

"अर्धा तास बसा, शेठ."

त्यांनी पिशवीतून चिंधी काढली, रॉकेलात बुडवून पिळली आणि 'ण'पासून सुरुवात करून सगळं नाव पुसून टाकलं.